फोन त्याच पाच जणांचे: मराठवाड्यातल्या एका तालुका रेडिओ केंद्राचं प्रकरण

सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. शेतीचा फोन-इन रोज होतो, तज्ज्ञ वेळेवर येतात, निवेदक दर पाच मिनिटांनी नंबर सांगतो, पण फोन करणारे तेच. एक निवृत्त गुरुजी, एक कृषी सेवा केंद्रवाला, गावातला एक हौशी पुढारी आणि आणखी एखाद-दोघं. बाकी तालुका गप्प. केंद्राचे लोक याचा अर्थ लावतात की आता रेडिओ कुणी ऐकत नाही, आणि मग बोलणं कमी करून गाणी वाढवतात. हा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो कसा तपासायचा आणि बिघाड नेमका कुठे असतो, हे एका प्रकरणातून मांडतो. प्रकरण एका केंद्राचं म्हणून लिहिलं असलं, तरी मराठवाड्यात अशा केंद्रांपुढे वारंवार येणाऱ्या अडचणी एकत्र आणून ते रचलेलं आहे. उपकरणांची गणितं आणि नियम मात्र प्रत्यक्षातले.

केंद्र आणि त्याची अडचण

बालाघाटच्या पठारावरचं तालुक्याचं गाव. एका शिक्षण संस्थेला परवानगी मिळालेली आहे. ९०.४ मेगाहर्ट्झ, ५० वॅटचा प्रक्षेपक, महाविद्यालयाच्या आवारात ३० मीटरचा मनोरा. पगारी माणसं चार, शिवाय येऊन-जाऊन असणारी कॉलेजची पोरं. रोजचं प्रसारण आठ तास: सकाळी ६ ते ९, मग ११ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९. त्यात ११ ते १२ एवढा एकच तास थेट, आणि तोच फोन-इन. बाकी वेळात रेकॉर्ड केलेली भाषणं, मुलाखती, भजनं आणि लोकगीतं.

फोन-इनसाठी ११ ची वेळ कुणी ठरवली? तज्ज्ञांनी. कृषी विज्ञान केंद्रातून किंवा तालुका कार्यालयातून येणाऱ्या माणसाला ती सोयीची. पुढचा बराच गोंधळ या एका निर्णयातून आला आहे. पण आधी वेळ बदलायला गेलं तर दुसरी दुखणी झाकलेलीच राहतात, म्हणून क्रम उलटा धरावा. आवाज पोहोचतो का, मग फोन लागतो का, मग वेळ, मग माणसं, आणि शेवटी उत्तर.

भाषणाची सवय कुठून आली

या भागाला रेडिओ नवा नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादबरोबर औरंगाबादलाही नभोवाणी केंद्र होतं. संस्थानांची अशी केंद्रं पुढे आकाशवाणीत सामील झाली. नंतरच्या पिढ्यांच्या कानात बसलं ते परभणी केंद्र, मध्यम लहरींच्या १३०५ किलोहर्ट्झवरचं. मध्यम लहरी जमिनीला धरून जातात, टेकडीआड, दरीतही उतरतात. त्यामुळे एका केंद्रावर कित्येक जिल्ह्यांतले शेतकरी हवामान आणि शेतीचा सल्ला ऐकत आले. त्या प्रसारणाची शिस्त, भाषेचा नेटकेपणा आणि वेळेचा काटेकोरपणा अजूनही शिकण्यासारखा आहे. पण त्याची घडण वरून खाली बोलण्याची होती. एवढ्या मोठ्या टापूसाठी बोलताना दुसरं करता येण्यासारखंही फार नव्हतं.

वेगळी वाट महाराष्ट्रातच, पुण्याला १९५६ साली चोखाळली गेली होती. युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतेगट बसवले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, ऐकून झाल्यावर त्याच बैठकीत चर्चा करायची आणि गटाचे प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. द्विभाषिक मुंबई राज्यात तो आला त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला, त्यामुळे या प्रयोगात इथली गावं नव्हती. प्रयोगातली खरी चीज म्हणजे परतीची वाट. गावातून प्रश्न केंद्रावर जायचा आणि उत्तर पुन्हा हवेतून गावात यायचं.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या फेब्रुवारीत सांगितलं. २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना छोट्या केंद्रांची परवानगी मिळू लागली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूशी त्याच्याच बोलीत बोलायचं साधन हाती आलं. पण बहुतेकांनी त्यावर आकाशवाणीच्या भाषणाची छोटी नक्कल सुरू केली. आपल्या प्रकरणातल्या केंद्रानंही तेच केलं.

आवाज पोहोचतो का

सामुदायिक केंद्राला परिणामी प्रक्षेपण शक्ती (अँटेनामुळे होणारी वाढ धरून) साधारण १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत चालते. ३० मीटरवरून सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज बावीस-तेवीस किलोमीटरवर येतं, पण ते कागदावर. हातातल्या छोट्या संचाला स्वच्छ ऐकू येण्याचं अंतर आठ ते बारा किलोमीटर धरावं. आणि बालाघाटात सपाट जमीन फार नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. पठाराच्या कडेखालचं गाव पाच किलोमीटरवर असलं तरी कोरडं राहतं आणि त्याच दिशेला बारा किलोमीटरवरच्या माळावर आवाज लख्ख येतो.

त्यामुळे नकाशावर वर्तुळ काढून त्यातली गावं मोजू नयेत. मोटारसायकल, एक साधा खिशातला रेडिओ, एक एफएमवाला कीपॅड मोबाइल आणि वही घेऊन आठ दिशांना जावं. दर दोन किलोमीटरला थांबून तीन ठिकाणी ऐकावं: रस्त्यावर, घराच्या आत, शेतात. वहीत आवाजाला ० ते ४ गुण द्यावेत. ० म्हणजे नुसती खरखर, २ म्हणजे कान देऊन कळतं, ४ म्हणजे काम करता करता कळतं. बोलक्या केंद्राला ३ च्या खालचं गाव गमावलेलंच समजावं. गाणं खरखरीतही गुणगुणता येतं. औषधाचं प्रमाण खरखरीत ऐकलं तर पीक जळतं.

या पाहणीत सहा किलोमीटरनंतर गुण फारच लवकर पडले. कारण सापडलं केबलमध्ये. प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंत चाळीस मीटर आरजी-२१३ केबल घातलेली होती. या वारंवारितेला ती शंभर मीटरमागे सुमारे ७ डेसिबल खाते, म्हणजे चाळीस मीटरला २.८. प्रक्षेपकातून निघालेल्या ५० वॅटपैकी अँटेनाला जेमतेम २६ पोहोचतात. अर्धा इंची फोम केबल वापरली तर घट साधारण ०.९ डेसिबलची आणि वर ४० वॅट मिळतात. केबल महाग आहे खरी, पण परवानगीत मिळालेली निम्मी शक्ती केबल तापवण्यात घालवणं त्याहून महाग.

दुसरी गोष्ट कनेक्टरची. पहिल्या जोरदार पावसानंतर अँटेनाकडून प्रक्षेपकाकडे परत येणारी शक्ती वाढली की वरच्या जोडात पाणी शिरलंय हे ओळखावं. ५० वॅटवर २ वॅट परत येणं ही धोक्याची घंटा आहे. तिथे स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर (परत येणाऱ्या शक्तीचं माप) १.५ होतं आणि त्यापुढे प्रक्षेपक स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप कमी करतो. केंद्रात बसलेल्याला काही कळत नाही, मॉनिटरवर आवाज छानच असतो. जोडाला स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी, तिच्यावर साधी टेप लावावी, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडावा म्हणजे पाणी तिथूनच गळतं. पुढे-मागे जाणाऱ्या वॅटचे आकडे रोज सकाळी वहीत लिहायची सवय लागली तर अर्धी दुखणी वाढण्याआधी दिसतात.

तिसरी गोष्ट फुकट आहे, तरी फार थोडी केंद्रं करतात. स्टिरिओ बंद करून मोनो करावं. सिग्नल अशक्त असलेल्या ठिकाणी त्यानं खरखर सुमारे २० डेसिबलनं उतरते. बोलण्याला डावा-उजवा कान लागत नाही. या केंद्रात स्टिरिओ चालू होतं, कारण प्रक्षेपक आला तेव्हाच ते चालू होतं! मोनो केल्यावर टापूच्या कडेच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यातली गावं २ वरून ३ वर येऊ शकतात. अँटेना उभ्या ध्रुवणाची, म्हणजे दांड्या उभ्या असलेली ठेवावी, कारण खिशातल्या संचाची दांडी माणूस उभीच धरतो.

मनोऱ्याच्या अर्थिंगबद्दल एवढंच सांगतो की मुरमाड, खडकाळ जागेत उन्हाळ्यात अर्थचा खड्डा सुकतो आणि रोध वाढतो. नेमका त्यानंतर वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालावं, ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरलेली असेल तर उत्तम. आणि ढग गडगडायला लागले की प्रसारण थांबवून अँटेनाची केबल काढून ठेवावी. सगळ्यांनी.

फोन लागतो का

आवाज पोहोचतो तिथून फोन का येत नाही? केंद्रानं एक मोबाइल स्पीकरवर टाकून मायक्रोफोनसमोर ठेवला होता. फोनवाल्याचा आवाज खोलीत घुमून, डब्यातून आल्यासारखा जायचा. त्याला निवेदकाचा आवाज तुटक यायचा, मग तो "हॅलो, हॅलो" करत राहायचा. पहिल्यांदा फोन करणारी बाई किंवा पोरगा हे ऐकून घाबरतो आणि पुन्हा करत नाही. सराईत मात्र करत राहतात. तेच ते पाच जण का उरतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

टेलिफोन हायब्रिड, म्हणजे फोन मिक्सरला जोडणारं यंत्र, घेता आला तर घ्यावा. नाही तर मोबाइलच्या इअरफोनच्या छिद्रातून, छिद्र नसेल तर अडॅप्टरनं, चार पट्ट्यांची पिन वापरून आवाज मिक्सरवर घ्यावा. फोनकडे परत पाठवायचा आवाज मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (आवाज वेगळा बाहेर देणाऱ्या वाटेतून) द्यावा आणि त्यात फोनच्याच चॅनेलचं बटण शून्यावर ठेवावं. याला मिक्स-मायनस म्हणतात. फोनवाल्याला सगळं ऐकू येतं, फक्त स्वतःचा आवाज सोडून. हे एक बटण वर राहिलं की प्रतिध्वनी सुरू होतो आणि दोष नेटवर्कला जातो. मोबाइल मिक्सरपासून हातभर लांब ठेवावा, नाही तर टर्र-टर्र करणारी भुणभुण प्रसारणात शिरते.

हवेत बोलणारा आणि फोन उचलणारा एकच माणूस नसावा. उचलणाऱ्यानं चार गोष्टी विचाराव्यात: गाव, प्रश्न, याआधी फोन केला होता का, आणि हवेवर बोलायचं की नुसता प्रश्न नोंदवायचा. मग फोन ठेवायला सांगून केंद्रानं परत फोन करावा. त्यानं समोरच्याचा बॅलन्स वाचतो आणि खोडसाळ फोन गळतात. परत फोन करताना पहिलं वाक्य हे: "मावशी, आधी रेडिओ बंद करा, मग बोलू." घरचा रेडिओ चालू राहिला तर शिट्टी घुमते. प्रसारणात सात-आठ सेकंदांचा उशीर लावला असेल, आणि तो लावावाच, तर बोलणाऱ्याला आपलीच मागची वाक्यं ऐकू येऊन त्याचा धागा तुटतो.

स्टुडिओतल्या आवाजाचा एक खास मराठवाडी शत्रू म्हणजे पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात, जेव्हा शेतीचे प्रश्न सर्वात जास्त असतात, तेव्हाच खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून ५० मिलिमीटरचं रॉकवूल आणि त्याखाली जाड बोर्ड, हा खर्च पहिल्या वर्षीच करावा. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावण्यात अर्थ नाही, त्यानं बोलण्याच्या खालच्या सुरांवर काही परिणाम होत नाही. जाड वाकळी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या तर त्या ट्रेपेक्षा बरं काम करतात. कंडेन्सरऐवजी डायनॅमिक मायक्रोफोन घ्यावा आणि तोंडापासून वीतभर, किंचित तिरका ठेवावा. तो खोलीतला पंखा आणि बाहेरचा ट्रॅक्टर कमी ओढतो.

कुणाच्या वेळेवर

सकाळी ११ वाजता तालुक्यात कोण मोकळं असतं? खरिपात बायका खुरपणीला गेलेल्या असतात, पुरुष फवारणीवर किंवा बाजाराच्या गावी, पोरं शाळेत. ओसरीवर बसलेले गुरुजी तेवढे मोकळे. त्यांना दोष नाही.

इथे अंदाज बांधण्यापेक्षा दहा-बारा गावांत, वेगवेगळ्या घरांत, एका दिवसाचा तासवार तक्ता भरून घ्यावा. पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा. तो भरायला कॉलेजची पोरं उत्तम. तक्त्यात दोन जागा ठळक दिसतात. दुपारी एक ते दोन, म्हणजे शेतात बांधावर भाकरी खायची वेळ, आणि पहाटे साडेपाच ते सात, म्हणजे धारा काढणं, चूल, पाणी. संध्याकाळी सातनंतरचा वेळ टीव्हीच्या मालिकांचा आहे, तिथे डोकं आपटू नये.

म्हणून फोन-इन दुपारी १.१५ ते २ वर आणला, आणि त्याच दिवसाचं कापून बसवलेलं पंचवीस मिनिटांचं पुनःप्रसारण दुसऱ्या दिवशी पहाटे ६ ला. दुपारचा काळ प्रसारणात नव्हताच, तेव्हा सकाळचा शेवटचा तास बंद करून तो इथे सरकवला. दुपारी तज्ज्ञ येत नाहीत, ही अडचण खरी. त्यावर तोडगा असा की तज्ज्ञानं स्टुडिओत यायची गरजच नाही. त्याला फोनवर घ्यावं, किंवा प्रश्न आधी पाठवून त्याचं उत्तर सकाळी रेकॉर्ड करून ठेवावं. दोन फोन एकाच वेळी हवेवर घ्यायचे तर मिक्सरवर दोन ऑक्स लागतात, एवढं खरेदीच्या वेळी पाहावं.

शेतात बांधावर रेडिओ कुणाकडे असतो, असा प्रश्न येईल. कीपॅड मोबाइलवर असतो. पण बऱ्याच फोनांत इअरफोनची तार हीच अँटेना असते. तार घालून स्पीकर चालू केला की चार-पाच जणी ऐकू शकतात. ही साधी युक्ती कार्यक्रमात आठवड्यातून एकदा सांगावी. पुष्कळांना वाटतं त्यांच्या फोनमधलं एफएम बिघडलंय.

कोण विचारतं

घरातला फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून "महिलांनी फोन करावेत" या आवाहनाला प्रतिसाद मिळत नाही, आणि मग बायकांना रस नाही असा शेरा मारला जातो. बायकांचे प्रश्न आणायला माणूस पाठवावा लागतो. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन गेलं, तासभर आधी नुसतं बसलं आणि मग एकेकीचा प्रश्न तिच्याच आवाजात तीस-चाळीस सेकंद घेतला, की आठवडाभराचा ऐवज मिळतो. नाव सांगायचं की नाही ते तिनं ठरवायचं. रेकॉर्डिंग तिला तिथेच ऐकवायचं. आपला आवाज ऐकून ती पुन्हा नीट सांगते आणि दुसरी आपसूक पुढे येते. जात्यावरच्या ओव्या, भारुडं हेही अशाच बैठकीत हाती लागतं, आणि सिनेसंगीताच्या हक्कांच्या कटकटीपेक्षा ते कितीतरी बरं. संमतीची सही मात्र घ्यावी.

तांड्यावर गोरमाटीत बोलावं, मोहल्ल्यात दखनीत. निवेदक मराठीच राहिला तरी चालतो, प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत हवेवर जाऊ द्यावा. तो "शुद्ध" करून निवेदकानं पुन्हा वाचला की मूळ माणूस पुन्हा बोलत नाही. धोरणानुसार किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवा. ही अट ओझं म्हणून पाळणारी केंद्रं पोरांकडून भाषणं वाचून घेतात आणि तक्ता भरतात.

नव्यानं फोन करणाऱ्याला आधी घ्यायचं, हा नियम कडक ठेवावा. गुरुजींना वाईट वाटेल. त्यांना आठवड्यातून एक दिवस जुन्या पर्जन्यमानावर किंवा गावाच्या इतिहासावर दहा मिनिटं द्यावीत, ती ते छान वापरतात.

उत्तराची वही

एवढं सगळं केलं तरी फोन वाढून पुन्हा आटू शकतात. या केंद्राच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर खरी गळती इथे दिसते: विचारलेल्या प्रश्नाला "संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा" असं उत्तर. एवढं तर विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

वहीत सहा रकाने असावेत: तारीख, गाव, प्रश्न त्याच्याच शब्दांत, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, हवेवर कधी गेलं. शेवटचा रकाना रिकामा असलेले प्रश्न रोज सकाळच्या पाच मिनिटांच्या बैठकीत वाचावेत. मुदतीच्या तीन पायऱ्या पुरतात. पिकावरची कीड, विषबाधा, जनावराचं पोट फुगणं यांना त्याच दिवशी उत्तर, आणि माणसाला विषबाधा झाली असेल तर हवेची वाट न पाहता आधी १०८. बियाणं, खत, योजनांची कागदपत्रं यांना दोन दिवस. रस्ता, पाणी, रेशन अशा गाऱ्हाण्यांना एक आठवडा. आठवड्यात उत्तर मिळालं नाही तर तेही हवेवर सांगावं, कुणाकडे किती वेळा विचारणा केली त्यासकट.

पहिल्या पायरीचं महत्त्व २०२२ च्या पावसाळ्यात कळलं. लातूर, बीड, धाराशिवकडे कोवळ्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी तुटून पडल्या होत्या. गोगलगाय रात्री खाते आणि उन्हाआधी लपते. "उद्या तज्ज्ञांना विचारून सांगू" म्हणेपर्यंत आणखी एक रात्र जाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाकडेनं अंथरावीत, उजाडताना त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, हे त्याच दुपारी सांगता आलं तर त्याच रात्री करता येतं. दुपारच्या फोन-इनचा हा आणखी एक फायदा. संध्याकाळच्या कामाला वेळ उरतो.

उत्तर देताना हातानं करता येईल असं काहीतरी त्यात हवं. "बियाणं तपासून पेरावं" हे भाषण झालं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा, आठवड्यानं मोजा, सत्तर उगवले तर एकरी तीस किलो चालेल, त्याहून कमी उगवले तर बियाणं वाढवा, हे उत्तर झालं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे सांगताना त्या आकड्याची ओल शेतात किती खोल दिसते तेही कुदळ मारून पाहायला सांगावं, कारण पर्जन्यमापक महसूल मंडळाला असतो, शेतात नसतो.

जुन्या उत्तरांचं एक वेगळंच संकट आहे. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सोय गेली. जुना कार्यक्रम कुणी पोरानं पुन्हा लावला की ऐकणारा रुपया घेऊन सेवा केंद्रावर जातो. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावातच कालबाह्य होण्याची तारीख घालावी. योजना, दर आणि औषधांची फाइल हंगामापलीकडे ठेवू नये. ओव्या आणि आठवणींना तारीख लागत नाही. नियमाप्रमाणे प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावंच लागतं, पण जपायचं ते वेगळ्या डिस्कवर. प्रसारणाच्या संगणकावर नको.

काय बोलता येतं

सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वीज-पाणी पुरवठ्याच्या सूचना, परीक्षा आणि प्रवेश, रोजगार, यात्रेच्या घडामोडी, आपत्तीच्या वेळी प्रशासनाचे इशारे हे बातम्यांत धरलं जात नाही. एवढ्या जागेत बोलक्या केंद्राला करण्यासारखं भरपूर आहे.

घोटाळा होतो गाऱ्हाण्यांत. "नळाला पंधरा दिवस पाणी नाही" हे चालतं, "अमक्यानं पैसे खाल्ले" हे चालत नाही. निवेदकाच्या तोंडी एक वाक्य पक्कं हवं: "नाव राहू द्या दादा, पाणी कधीपासून नाही तेवढं सांगा." सात सेकंदांच्या उशिरात नाव कापता येतं, पण बटण कुणी दाबायचं हे आधी ठरलेलं असावं, आणि तो निवेदक नसावा, तो ऐकण्यात गुंतलेला असतो. मग ज्याच्या खात्याचं गाऱ्हाणं त्याला त्याच आठवड्यात, तेवढाच वेळ. आचारसंहितेच्या काळात गाऱ्हाण्यांचा दिवस बंद न करता ती रेकॉर्ड करून, तपासून लावावीत. थेट घेऊ नयेत.

माणसं आणि पैसा

अर्ध्या तासाचा नीट बसवलेला कार्यक्रम म्हणजे एका माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवस: जाणं-येणं, रेकॉर्डिंग, ऐकणं, कापणं. चार माणसांकडून आठ तासांचा रोज नवा मजकूर होऊच शकत नाही. जे होतं ते असं: पाऊण तास थेट फोन-इन, दोन नवे अर्ध्या तासांचे कार्यक्रम, सकाळची दहा मिनिटांची सूचनापट्टी. साधारण दोन तास नवं, बाकी पुनःप्रसारण आणि लोकसंगीत. आठ तासांचा आग्रह धरून सगळंच पातळ करण्यापेक्षा सहा तास प्रसारण करावं.

जाहिरातींना २०२४ च्या सुधारित धोरणानं तासाला सातऐवजी बारा मिनिटं दिली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. बारा मिनिटं पूर्ण भरली तर तासाला ५,३२८ रुपये होतात, पण तालुक्याच्या केंद्राला तेवढ्या जाहिराती मिळत नाहीत आणि सरकारी बिलं उशिरा निघतात. खताच्या दुकानांच्या जाहिराती मिळतात. त्या फोन-इनच्या तासात घेऊ नयेत. फवारणीचा प्रश्न, लगेच औषधाची जाहिरात, असं ऐकल्यावर उत्तरावरचा विश्वास जातो.

विजेचा हिशोब छोटा आहे. प्रक्षेपक, संगणक, मिक्सर, एक दिवा आणि पंखा मिळून सुमारे ४०० वॅट. १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच उतरवल्या तर इन्व्हर्टरमधली घट धरून पावणेचार तास निघतात. एसी त्यावर लावू नये. दुपारी भारनियमन असेल तर बॅटरी फोन-इनसाठी राखावी, सकाळची गाणी गेली तरी चालतील.

जे सुटलेलं नाही

दसरा झाला की तालुक्यातली कोयत्याची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तेवढ्या काळात श्रोत्यांचा एक मोठा भाग टापूबाहेर असतो आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. खरिपातलं वेळापत्रक तसंच पुढे रेटलं की हिवाळ्यात फोन पुन्हा आटतात. या महिन्यांत दुपारऐवजी संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास पोरांसाठी आणि आजी-आजोबांसाठी ठेवावा. फडावरून व्हॉट्सॲप गटावर आलेले व्हॉइस मेसेज त्यात वाजवावेत आणि इकडचे निरोप त्याच गटावर परत पाठवावेत. उचल, मुकादम, हिशोब यावरचे प्रश्न इथे येतातच. ते नावं वगळून, कायद्याची माहिती देणाऱ्याकडून उत्तर घेऊन लावावेत.

कडेखालच्या तांड्यांचं मात्र केबल बदलून, मोनो करूनही भागलेलं नाही. तिथले गुण ० वरून १ वर आले. एका परवानगीत एकच प्रक्षेपक, त्यामुळे टेकडीवर दुसरा बसवता येत नाही, आणि मोबाइलचं नेटही तिथे तुटतं. सध्याचा उपाय शनिवारचा आहे. आठवड्याचे फोन-इन कापून चाळीस मिनिटांची फाइल पेन ड्राइव्हवर टाकायची, बॅटरीवर चालणारा स्पीकर मोटारसायकलला बांधायचा आणि तांड्याच्या सभामंडपात ती ऐकवायची. मग तिथेच प्रश्न रेकॉर्ड करायचे आणि सोमवारच्या फोन-इनला पहिल्या पंधरा मिनिटांत ते घ्यायचे. त्यांची उत्तरं तांड्यावर पोहोचतात पुढच्या शनिवारी. त्यामुळे किडीचा प्रश्न असेल तर नेणाऱ्यानं तिथूनच तज्ज्ञाला फोन लावून द्यावा, आणि तोही लागला नाही तर टेकडी चढून वर येऊन लावावा.